अर्ध्याची शिकवणी

सीझन संपला की ट्रायथलॉनच्या, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ करायच्या शर्यतीच्या, कोचने एक कृतज्ञ पोस्ट टाकायची, अशी पद्धत आहे. उगवता सूर्य, कठड्याला टेकवलेली सायकल आणि खाली ‘या वर्षाने खूप काही दिलं’. मीही लिहायला बसलो होतो, आणि खोटं काहीच लिहावं लागत नव्हतं. गोव्याच्या शर्यतीत माझी आजवरची सगळ्यात चांगली वेळ लागली. माझ्याकडे शिकणारे सगळेच्या सगळे तिथल्या मिरामार किनाऱ्यावर मेडल दातात धरून फोटो काढत होते. त्यात सानपाड्याच्या एक बँकेतल्या मॅडम होत्या. पावसाळ्यात या बाई तलावाचा कठडा सोडायला तयार नव्हत्या, पाण्यात तोंड घालायचं म्हटलं की त्यांना ऑफिसचं काम आठवायचं. त्या १.९ किलोमीटर समुद्र ७० मिनिटांच्या मुदतीत पोहून बाहेर आल्या आणि मला बघून म्हणाल्या, “झालं हो सर.” मी तेव्हा गॉगल घातलेला होता ते बरं.

पोस्ट निम्मी झाली होती. मधे रविवार आला आणि नवी मुंबईच्या पामबीच रोडला स्कूटरवाले काका भेटले.

शर्यतीनंतरची हलकी राईड होती. पुढे मी, मागे चौघं एका रांगेत. किल्ला जंक्शनला मी त्यांना छोटंसं भाषण दिलं होतं, की श्वासाकडे लक्ष ठेवायचं आणि बाहेरचं जग बंद करायचं. एनआरआय कॉम्प्लेक्स जेमतेम मागे पडला तोच बाहेरचं जग माझ्या उजव्या कोपराशी येऊन म्हणालं, “केवढ्याला?”

चांगल्या सायकलला तीन किमती असतात. एक बिलावरची. ती फक्त दुकानदाराला आणि क्रेडिट कार्डाला ठाऊक असते. दुसरी बायकोला सांगितलेली, ती पहिलीच्या निम्मी. तिसरी रस्त्यावरच्या माणसाला सांगायची, ती दुसरीच्या निम्मी. या दोन माणसांची कधी गाठ पडणार नाही या भरवशावर आमचे संसार चालले आहेत.

“अठरा हजार,” मी म्हणालो.

काकांनी स्कूटर आणखी जवळ घेतली, खाली वाकून नीट पाहिलं आणि निकाल दिला. “फसवलं तुम्हाला. हिला स्टँडसुद्धा नाही.”

मागे काकू बसल्या होत्या. दिवाळ्याच्या बाजारातून मासे घेऊन निघालेलं जोडपं होतं. काकूंच्या मांडीवर पिशवी होती आणि तिच्यातून गळणारं पाणी वाऱ्याने थेट माझ्या बुटावर येत होतं. हा बूट पेडलला अडकवलेला असतो, त्यामुळे पाय बाजूला घेता येत नाही.

“पोहायचे कपडे घालून सायकल का चालवताय?” काकूंनी विचारलं.

प्रश्न अगदी बरोबर होता. हाच सूट घालून पोहायचं, सायकल चालवायची आणि पळायचं, मधे कपडे बदलण्यात वेळ घालवायचा नाही, हे मी नवीन माणसाला समजावतो तेव्हा तो इतका मुद्द्याचं विचारत नाही. माझ्यातला कोच जागा झाला. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, वर २१.१ किलोमीटर पळणं, असं मी पेडल मारता मारता सांगितलं.

“सगळं एकाच दिवशी?” काका म्हणाले. “का? दुसऱ्या दिवशी सुट्टी नव्हती?”

इथेच गप्प बसायला हवं होतं कुणीही. पण विषय निघाला की माझं तोंड थांबत नाही. हे सगळं १९७८ साली हवाईमध्ये सुरू झालं, पोहणारा, सायकलवाला आणि पळणारा यांत दमदार कोण या वादातून, हे सांगितलं. पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केलं. त्यातल्या एकाच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं तेव्हा त्यांनी त्याला बियर पाजली आणि तरीही तो दुसरा आला, हेही सांगितलं.

“यात बियर असते?” काकांनी पहिल्यांदाच खेळाकडे आदराने पाहिलं. काकूंनी मागून खांदा दाबला असावा, कारण स्कूटर जरा डगमगली.

मग ते झालंच. ट्रायथलॉनच्या गप्पा कितीही वळणं घेऊ देत, शेवटी कोल्हापूरला पोहोचतातच. “आमचा भाचा करतो हे,” काका म्हणाले. “कोल्हापूरला असतो. त्याचं दोनशे काहीतरी होतं ना गं?”

“दोनशे सव्वीस,” काकू म्हणाल्या. एलआयसीच्या पॉलिसीचा नंबर सांगावा तशा सुरात. “यांचं किती?”

“एकशे तेरा किलोमीटर,” मी म्हणालो.

स्कूटरवर गणित चाललं होतं. मला ते ऐकू येत होतं.

“म्हणजे अर्धं.”

“हो, पूर्ण शर्यतीला आयर्नमन म्हणतात, याला हाफ आयर्नमन.”

“पूर्ण नाही केलं?”

“नाही अजून.”

“असू दे,” काकू म्हणाल्या. “होईल तुमचंही. वय काही फार झालेलं दिसत नाही. आणि ही मागची मंडळी?”

“मी यांना शिकवतो.”

काकू क्षणभर थांबल्या. त्यांना मला दुखवायचं नव्हतं, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं, आणि तेच जास्त लागलं. “अर्धं शिकवता?”

मागून ऐरोलीचा आयटीतला मुलगा फिसकन हसला. श्वासाकडे लक्ष ठेवायला सांगितलेलं असताना.

आता माझ्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. कोल्हापूरच्या भाच्याला राजाराम तलाव आहे. आम्ही खाडीच्या काठावर राहतो आणि पोहायला ओंजळभर पाणी नाही. ठाण्याच्या खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य केलं, २०२२ साली रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, फार चांगलं झालं, मी त्या पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांतलाच आहे. पण त्या चिखलात एका पायावर उभं राहायला फ्लेमिंगोच हवा. आमच्या नशिबी २५ मीटरचा तलाव आणि पाऊण तासाची बॅच. १.९ किलोमीटर म्हणजे ७६ फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीच्या मधोमध दोन काका उभ्या-उभ्या शेअर बाजारावर बोलत असतात. त्यांना वळसा घाला, जीवरक्षक शिट्टी मारून सांगतो, “पाणी उडवू नका.” पोहण्याच्या तलावात! सायकलसाठी हाच एक पामबीच, नऊ-दहा किलोमीटरचा. तोही उजाडायच्या आत गाठायचा, शनिवारच्या पार्ट्यांच्या फुटक्या बाटल्या चुकवत. नंतर त्या रस्त्यावर गाड्या अशा सुटतात की सायकलवाल्याने मागे वळून बघायचीसुद्धा सोय नाही. यातून समुद्र पोहून आलेल्या बाईला कुणी अर्धं म्हणू नये. मला म्हणा एक वेळ.

हे सगळं सांगायला सारसोळ्याचा सिग्नल लागला. पण तोवर काकूंनी भाच्याला फोन लावून स्पीकर माझ्या हेल्मेटपाशी धरला होता.

“नमस्कार सर!” भाचा गोड मुलगा निघाला. “हाफ केलासा? भारीच की ओ! सुरुवात तितनंच होत्या.”

मी ‘धन्यवाद’ म्हणालो. किती वर्षं शिकवतोय हे सांगायला जावं तर सिग्नलचे आकडे संपत आले होते. शेजारी बँकेतल्या मॅडम काकूंच्या पिशवीत डोकावून पापलेट कसं मिळालं ते विचारत होत्या. आयटीवाला मोबाईल काढून काहीतरी टिपत होता.

सिग्नल सुटला. काका उदार झाले होते. “माझ्या मागे मागे या, वारा लागणार नाही,” म्हणाले आणि स्कूटर पुढे काढली.

शर्यतीत पुढच्याच्या आडोशाने सायकल चालवायची नसते, १२ मीटर अंतर ठेवायचं असतं. वर्षभर मी या चौघांना हेच घोकायला लावलं होतं. चौघंही काकांच्या मागे चिकटले. मॅडमसुद्धा. मी तत्त्वाला धरून १२ मीटर ठेवले, वारा समोरून होता, बघता बघता बाराचे दोनशे झाले. मोराज सर्कलला पोहोचलो तेव्हा काका मंडळींना वाशीत चांगला वडापाव कुठे मिळतो ते सांगत होते आणि काकू माझ्यासाठी थांबल्या होत्या. “दमलात?” त्यांनी विचारलं.

पोस्ट तशीच ड्राफ्टमध्ये पडून आहे. सोमवारी रात्री ऐरोलीकराचा मेसेज आला. पुढचा सीझन ऑनलाइन कोचिंग घेऊन बघतोय, कोल्हापूरचा एक मुलगा आहे, तुमची त्याच्याशी ओळख आहेच. फी तुमच्यापेक्षा कमी आहे सर, म्हणाला. मी विचारलं नव्हतं.