पोरं आली, फॅट गेली

एसटीत 31 वर्षं कंडक्टरकी केली. चाळीस-पंचेचाळीस माणसांच्या गाडीत यात्रेच्या दिवशी ऐंशी-नव्वद कोंबून, मधी कुणाची कोंबडी, कुणाची सायकल टपावर, सुट्ट्या पैशावरनं रोज शिव्या खाऊन, संध्याकाळी एक रुपया कमी न भरता घरी आलेला माणूस आहे मी. त्यामुळं रिटायर झाल्यावर गोठा वाढवायचा ठरवला तेव्हा मला वाटलं, तीन म्हशी, दोन एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाई, एक कालवड, एक रेडकू, यात काय अवघड? म्हशी सुट्टे मागत नाहीत आणि खिडकीच्या जागेवरनं भांडत नाहीत. (भांडतात. पंख्याखालच्या जागेवरनं भांडतात. पण ते नंतर कळलं.)

आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. हा सगळा पट्टाच दुधाचा, घरटी दोन म्हशी नसल्या तर सोयरिकीला आलेला पावणा विचार करतो. आणि शहरातली माणसं 'ऑक्टोबर हीट' म्हणून दोन शब्दात जे दिवस संपवतात ना, ते दिवस आमच्याकडं असे असतात की पहाटे धुक्यात लेंगा गुडघ्यापर्यंत ओला, अकराला ऊन असं की म्हशी जीभ काढतात, आणि चारला परतीचा पाऊस येऊन गोठ्यापुढं नुसती राड. सोयाबीन नुकतं मळून घरात पडलेलं, शाळूची पेरणी डोक्यावर, साखर कारखान्याचं धुराडं पेटलं की उसाचं वाडं (हिरवे शेंडे) मिळायला लागंल म्हणून आम्ही उरलेलं कडवळ (ज्वारीचा हिरवा चारा) पुरवून पुरवून घालतोय, आणि म्हशींचा व्यायचा सीझन पण हाच. हे सगळं एकाच वेळी चालू असताना दिवाळीची सुट्टी लागते आणि किर्लोस्करवाडी स्टेशनवर पुण्याची गाडी तीन पॅसेंजर उतरवून पुढं जाते.

पॅसेंजर नंबर एक, अर्णव, सहावीत, मोठ्या पोराचा. दोन, ओवी, त्याचीच बहीण, दुसरीत. तीन, लेकीचा शौर्य, वय साडेचार, माझ्या एसटीत हाफ तिकीटसुद्धा लागलं नसतं पण त्रास फुल तिकिटाचा. अर्णवनं आल्याआल्या विचारलं नेट कुठं येतं. ओवीनं नाकाला रुमाल लावला. शौर्य सरळ जाऊन रेडकाच्या गळ्यात पडला आणि रेडकानं त्याला कानापासनं हनुवटीपर्यंत चाटून काढला, दोघंही खूश.

आता एक तांत्रिक बाजू सांगतो, कारण तिच्याशिवाय माझी बेअब्रू तुम्हाला समजणार नाही. तीन म्हशीतली एक आटलेली. एक परवाच व्यालेली, तिचा चीक चालू, तो डेअरीला चालत नाही (त्या चिकाचा खरवस पोरांनी पहिल्या दिवशी "ई, हे काय" म्हणून नाकारला आणि दुसऱ्या दिवशी पातेलं खरवडलं). म्हणजे म्हशीच्या किटलीत सगळी भिस्त एकट्या चंद्रीवर. चंद्री मुऱ्हा जातीची, सकाळी पाच लिटर, फॅट 6.8 च्या खाली कधी नाही. म्हशीच्या दुधाला 6 फॅट आणि 9 एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) हा हिशोबाचा पाया, त्याच्या वर गेलं की पॉइंटला पैसे वाढतात, खाली आलं की कापतात, आणि दहा दिवसाला बिल. म्हणजे 31 वर्षं मी दुसऱ्याचं तिकीट तपासलं, आता डेअरीतलं मशीन रोज सकाळ-संध्याकाळ माझं तपासतं.

पहिल्या दिवशी पहाटे सव्वापाचला मी आंबोण (भिजवलेलं खाद्य) घेऊन गोठ्यात गेलो तर माझ्यामागं तिन्ही पोरं. ज्या पोरांना शाळेला उठवायला त्यांच्या आया तीन-तीन गजर लावतात ती पोरं! मी म्हटलं, "झोपा की रे." अर्णव म्हणाला, "आबा, मला व्लॉग करायचाय, गावाकडची सकाळ." मी म्हटलं, कर बाबा. इथं चुकलो.

मी चंद्रीची कास धुतली, बादली विसळली, बसलो. दोन-तीन मिनिटं सडांवरनं हात फिरवला की ती पान्हवते. आधी बादलीच्या तळावर चुर्र चुर्र असा पत्र्याचा आवाज येतो, मग फेस धरला की तोच आवाज जाड होतो, घुर्र घुर्र, आणि वर चंद्रीचं आंबोण खाणं, भर्र-चप, भर्र-चप. ह्या दोन आवाजांची लय लागली की मला डुलकी येते, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात अर्णवनं मोबाईलचा फ्लॅश लावला, थेट तिच्या तोंडावर. आणि त्याच वेळी मागनं ओवीनं, "आबा, हिला किती वास येतोय," म्हणत मम्मीच्या पर्समधला सेंटचा स्प्रे चंद्रीच्या शेपटावर मारला.

भर्र-चप थांबलं. चंद्रीचे कान मागं गेले, डोळ्यातलं पांढरं दिसलं, शेपूट एकदा फिरलं (माझ्या तोंडावरनं, शेणासकट, आणि त्याला मोगऱ्याचा वास) आणि माझ्या हातातली ताठ सडं बघता बघता मोकळी पडली, धुऊन वाळत घातलेल्या मोज्यागत. दूध वर घेतलं तिनं. आमच्यात म्हणतात म्हशीनं दूध चोरलं. मी चुचकारलं, पेंड जादा टाकली, रेडकू आणून पुढं उभं केलं, काही उपयोग नाही. बादलीत अडीच लिटर.

2019 च्या महापुरात हीच चंद्री, तेव्हा रेडीच होती, गळ्यापर्यंतच्या पाण्यातनं माझ्यामागं पवत आली, एवढं पाणी बघून डगमगली नाही. आणि आता मोबाईलला भ्याली.

जनावराच्या डॉक्टरनं मला एकदा हे समजावून सांगितलं होतं. गाईच्या कासंत थोडं तरी दूध खाली येऊन थांबलेलं असतं, म्हशीचं बहुतेक सगळं वर पेशीत असतं, पान्हा सुटला तरच खाली येतं. तो पान्हा पाच-सात मिनिटं टिकतो, मधी जनावर भ्यालं की खेळ खलास. आणि खरी मेख पुढंच आहे, पहिल्या धारंचं दूध पातळ असतं, जास्तीची फॅट शेवटच्या धारंत. म्हणजे चंद्रीनं माझं नुसतं अडीच लिटर चोरलं नव्हतं, त्यातली साय चोरली होती.

डेअरीत माझ्यामागं लाईनला पंधरा-वीस माणसं. ओवी हट्टानं गाडीवर पुढं बसून आलेली. डेअरीचा सचिव म्हणजे तसा आमच्या भावकीतलाच पोरगा, त्यानं सॅम्पल लावलं आणि मशीनकडं बघून गप्प बसला. मग परत लावलं.

"आबा, 4.9."

लाईन शांत. आमच्या गावात माणूस वारला तर कुजबूज होते, फॅट पडली तर शांतता पसरते.

मी म्हटलं, "म्हशीनं चोरलंय रे, पोरं आलीत घरी." मागनं कुणीतरी खाकरलं. तेवढ्यात ओवी, खणखणीत आवाजात, शाळेत उत्तर देतात तसं, "पण आबा, तुम्ही बादलीत पाणी ओतलेलं ना, मी बघितलं!"

"अगं, ते बादली विसळायला!"

"हो, पण आधी पाणी ओतलं आणि मग त्याच्यावर दूध काढलं."

मधी बादली पालथी केली होती हे तिनं बघितलंच नव्हतं, तेव्हा ती स्प्रे शोधत होती. अख्खी लाईन हसायला लागली, एकानं तर रिकामी किटली खाली ठेवून हसून घेतलं. सचिवानं बिचाऱ्यानं मशीन बघून सांगितलं पण, की एसएनएफ 9.1 आहे, पाणी घातलं असतं तर फॅटबरोबर एसएनएफ पण खाली आला असता, पाणी नाही. पण एसएनएफ कोण ऐकतंय? गावाला फॅट ऐकू येते, एसएनएफ फक्त सचिवाला ऐकू येतो. संध्याकाळी पारावर एकजण म्हणाला, "कंडक्टर, आज पाण्याला हाफ तिकीट लावलं का फुल?" 31 वर्षांत लाईन चेकिंगला कधी सापडलो नाही आणि दुसरीतल्या पोरीनं एका फेरीत पकडून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी गोठ्याला आतनं कडी घातली. पोरं खिडकीत. तीन टाळकी ओळीनं, आणि शौर्यचे प्रश्न चालू. "आबा, दूध संपल्यावर म्हैस रिकामी होते का?" "आबा, तिला ताक येत नाही का डायरेक्ट?" फॅट 5.4. तिसऱ्या दिवशी मी वरडलो, "सरका मागं, सरका!" तर पोरं सरकली नाहीत, चंद्रीच दावं ताणून मागं सरकली आणि बादली उपडी. आमची ही वैलावरनं म्हणाली, "अवो, म्हस पोरांना भीत न्हाई, तुमच्या वरडण्याला भितीया. ती काय पॅसेंजर हाय का?" मी गप्प बसलो. घरात बायकोपुढं आणि गाडीत चेकरपुढं बोलायचं नसतं.

मग मी पोरांना कामं वाटून दिली. अर्णवला शेण भरायला सांगितलं, तर तो हातात प्लास्टिकचे हातमोजे, तोंडाला मास्क, असा आला की शेजारच्यांना वाटलं साथ आली. ओवीला जनावरांच्या कानातले पिवळे बिल्ले लिहून घ्यायला बसवलं. बारा आकडी नंबर असतो त्याच्यावर, आम्ही त्याला म्हशीचं आधार कार्ड म्हणतो. तिला तेराचा पाढा येत नाही पण चंद्रीचा नंबर दोन दिवसात तोंडपाठ, उलटा पण म्हणून दाखवते.

शौर्यला काम दिलं नाही, त्यानं स्वतः शोधलं. अर्णवनं अंगणात प्रतापगड बांधला होता. माती माझी, शेण माझं, पोती माझी, फक्त आर्किटेक्ट पुण्याचा. त्यावर अळीव पेरलं, चार दिवसात हिरवंगार उगवलं, खरंच झकास दिसत होतं, मी चार माणसांना आणून दाखवलं. आणि शौर्यनं "हिला का बांधून ठेवलंय, हिनं काय केलंय" म्हणून कालवडीचं दावं सोडलं. अख्ख्या गोठ्यात हिरव्या चाऱ्याची टंचाई, आणि समोर डोंगरउतारावर कोवळं लुसलुशीत अळीव. कालवडीनं खालनं सुरुवात केली, माची साफ केली, मग बालेकिल्ल्यावर पाय दिला आणि बालेकिल्ला तिच्यासकट खाली आला. महाराज सिंहासनासह सुखरूप. एक मावळा गव्हाणीजवळ सापडला. दुसरा बेपत्ता.

त्यानंतर तीन दिवस, शेणाला हात न लावणारा माझा नातू काठी घेऊन कालवडीच्या मागं. तिनं शेपूट उचललं की हा पळत जाणार, वाकून बघणार, काठीनं उकरणार, मग मान हलवणार. मास्क कुठल्या कुठं गेला. मावळा शेवटी पोत्याखाली मिळाला, पण तोवर पोरगं शेण बघून सांगायला लागलं होतं, "आबा, गौरी गाईला आज पेंड जास्त झालीय." आणि झाली होती!

वसुबारसेला संध्याकाळी गौरीची आणि तिच्या वासराची पूजा. गौरी एचएफ, म्हणजे मूळ जात हॉलंडकडची, पण त्या दिवशी तिला कोणी पासपोर्ट विचारत नाही, हळद-कुंकू, हार, ओवाळणं सगळं साग्रसंगीत. बायकांचा उपास, मग बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. मला दरवर्षी एक प्रश्न पडतो की ह्या घराचा अर्धा पगार म्हशीच्या फॅटवर, मग आरती निव्वळ गाईची का? मी हे कधी बोलत नाही, पण ओवी बोलली. "चंद्रीला का नाही?" आणि आज्जी काय उत्तर द्यायचं ते ठरवेपर्यंत ही ताट घेऊन दावणीला. काळ्या कपाळावर हळदीचा एवढा मोठा टिळा, गळ्यात झेंडूचा हार. सेंट नाही, फ्लॅश नाही, पोरगी हळू आवाजात तिला तिचाच बारा आकडी नंबर म्हणून दाखवत होती. चंद्रीनं मान खाली घातली. मी म्हटलं, वा, नमस्कार केला. हार खात होती. हार संपवून ताटातला दिवा सोडून बाकी सगळं संपवलं.

त्या संध्याकाळी 5.9. शंभर मीटर पळताना धाप लागावी तसं माझं दूध सहाच्या अलीकडं थांबलं.

दिवाळी झाली, पोरं जायला निघाली. शौर्यनं रेडकाला पुण्याला न्यायचा शेवटपर्यंत आग्रह धरला, बाथरूममध्ये बांधूया म्हणत होता. अर्णवनं फोन खिशात ठेवून दोन हातांनी दोन डबे तूप उचललं. त्याचा व्लॉग झाला म्हणे, एकूण चार मिनिटं, त्यातली दीड मिनिटं मी शेणानं भरलेल्या तोंडानं शिव्या देतोय आणि तिथं त्यानं टूं-टूं असा आवाज टाकलाय. ओवी रिक्षात बसल्यावर पण चंद्रीचा नंबर म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाच. धुकं. गोठ्यात मी आणि जनावरं. कास धुतली, बादली विसळून चांगली दोनदा पालथी केली, तीही दारात उभं राहून, बघणाऱ्यांना दिसावं म्हणून, पण बघायला कोणीच नव्हतं. चुर्र चुर्र. मग घुर्र घुर्र. भर्र-चप. बादली काठोकाठ.

डेअरीत सचिवानं सॅम्पल लावलं, मशीनवर आकडा आला, 7.1. त्यानं पावती फाडली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाला,

"गेली वाटतं पुण्याला?"

"काल. सकाळच्या गाडीनं."