थेंबे थेंबे डोळा गळे

सगळ्यात आधी फ्रिजचं दार उघडा. अंड्यांच्या खणात, सुकलेल्या अर्ध्या लिंबाशेजारी, पिझ्झासोबत आलेल्या सॉसच्या पुड्यांखाली डोळ्यात घालायच्या थेंबांची एक इवलीशी पांढरी बाटली असेल. नसेल तर तुमचा संसार अजून कच्चा आहे, असं समजा.

ही बाटली कधी आणली, कुणासाठी आणली, असले प्रश्न विचारायचे नसतात. आमच्याकडची २०२३ सालची आहे. त्या पावसाळ्यात आळंदीकडे डोळ्यांची साथ आली आणि बघता बघता राज्यभर पसरली. धाकट्याला शाळेतून ‘डोळे आलेत, घेऊन जा’ म्हणून फोन आला, तेव्हा ती घरात आली. आता तिच्यावरचं नाव पुसलंय, पण घरातली तिची जागा पक्की आहे. मुलानंतर ती मी वापरली, मग सौ.ने, मग गावाहून आलेल्या मेहुण्याने. मेहुण्याचे डोळे आले नव्हते, नुसते चुरचुरत होते. पण बाटली आहेच, तर घालून घेतो म्हणाला.

हिशेबही बघा. बाटलीत ५ मिली औषध, म्हणजे साधारण शंभर थेंब. दोन्ही डोळ्यांत दिवसातून चार वेळा एकेक थेंब, सात दिवस, झाले ५६. उरलेले चव्वेचाळीस काय मोरीत ओतायचे? उघडल्यापासून महिन्याभरात टाकून द्या, असं खोक्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं म्हणे. खोकं आपण पहिल्याच दिवशी फेकतो, त्यामुळे तोही प्रश्न मिटतो.

घरात बाटली नसेलच, तर मेडिकलमध्ये जा. डॉक्टरकडे नंबर लावून दोन तास बसण्यात अर्थ नाही. तो डोळ्यात बॅटरी मारून म्हणणार, ‘व्हायरल आहे, आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप जाईल, हात धूत राहा.’ हात धुवायला पैसे मोजतं का कुणी? साथीतले बहुतेक डोळे विषाणूंमुळेच येतात, आणि थेंबांतल्या अँटिबायोटिकचं विषाणूला काही म्हणजे काही वाटत नाही, हे खरं आहे. पण थेंब घातले की दहा दिवसांनी बरं वाटतंच की. न घालताही वाटलं असतं, पण मग श्रेय कुणाला द्यायचं?

मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली तर वाद घालू नका, समोरच दुसरं मेडिकल असतं. औषधावरच्या लाल रेघेचा अर्थ ‘चिठ्ठीशिवाय घेऊ नका’ असा आहे, हे सरकार २०१६ पासून सांगतंय. आपण ती रेघ नक्षी म्हणून बघायची. आणि हो, ‘जरा स्ट्राँग द्या’ म्हणायला विसरू नका. मग अँटिबायोटिकच्या जोडीला डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड घातलेली बाटली मिळण्याचा योग असतो. तिचा गुण विलक्षण. संध्याकाळी घातली की सकाळी लाली उतरलेली. जंतू आत तसेच असतात, फक्त डोळ्याने तक्रार करणं बंद केलेलं असतं. इतका गुण आल्यावर पुढच्या वेळी, त्याच्या पुढच्या वेळी, आणि मग एरवीही कॉम्प्युटरपुढे बसून डोळे दुखले की तीच घालायची. महिनोन्‌महिने घातली तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. काचबिंदू बिचारा बरीच वर्षं दुखत-खुपत नाही, त्यामुळे आपल्याला कळण्याचाही त्रास नाही.

आता थेंब घालण्याची शास्त्रोक्त पद्धत. पेशंटला दिवाणावर उताणं झोपवावं. आमच्याकडे हे काम आईकडे आहे. ती कणीक मळता मळता येते, पदराला हात पुसते आणि दोन बोटांनी डोळा असा फाकते की पेशंटचं तोंडही आपोआप उघडतं. मग ‘हलू नको मेल्या’ म्हणत बाटली खाली आणते, खाली आणते, पार पापणीला टेकवते. टेकवल्याशिवाय नेम बसत नाही. पहिला थेंब कपाळावर, दुसरा कानात, तिसरा डोळ्यात. आणि तो गेला की नाही याची खात्री नाही म्हणून चौथा. वास्तविक खालची पापणी हलकेच ओढली की जो खळगा होतो, त्यात एक थेंबसुद्धा पुरता मावत नाही. दुसरा गालावरून उशीच्या अभ्र्यात जातो. अभ्र्याला संसर्ग झालेला आमच्याकडे अजून तरी कुणी पाहिलेला नाही. थेंब पडताच डोळे गच्च मिटून चारदा उघडझाप करावी, म्हणजे होतं-नव्हतं तेही बाहेर. थोडं औषध नाकाच्या वाटेने घशात उतरून कडू लागेल. कडू लागलं म्हणजे औषध लागू पडलं. डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरला तर हे टळतं, पण मिनिटभर गप्प पडून राहायला वेळ कुणाकडे आहे?

दोन वेगवेगळी औषधं असतील तर एकापाठोपाठ एक उरकून टाका. मध्ये पाच मिनिटं थांबलात तर पहिलं वाहून जाणार नाही, मग दुसऱ्याला जागा कशी व्हायची? मलम असेल तर ते थेंबांच्या आधी भरा आणि लगेच स्कूटर काढा. सगळं जग धुक्यातल्या महाबळेश्वरासारखं दिसतं.

साथ पसरू नये म्हणून गॉगल लावा. डोळे आलेल्याच्या नुसत्या नजरेने डोळे येतात, हे आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आहे. गॉगल लावून डोळे चोळा, त्याच हाताने दाराची कडी धरा आणि मोरीतल्या एकुलत्या एक टॉवेलला सगळ्यांनी ओळीने तोंड पुसा.

डोळ्यात खरोखर जिवाणूंचा संसर्ग असेल आणि डॉक्टरांनी सात दिवस सांगितले असतील, तर दोन दिवसांत आवरतं घ्या. अर्धमेले जिवाणू पुढच्या वेळी औषधाला ओळखून असतात. ओळखीचा कुठे ना कुठे उपयोग होतोच.

हे सगळं झालं शहरातलं. गावाकडे बाटलीची खरी परीक्षा होते. ऊस तोडताना पातं सपकन डोळ्याला लागतं. पाणी येतं, खुपतं, दुसऱ्या दिवशी डोळा लाल. अशा पात्यातून, काडीकचऱ्यातून बुबुळात बुरशी शिरू शकते, आणि बुरशीवर अँटिबायोटिकची मात्रा चालत नाही. स्टेरॉइड मात्र तिला भलतंच मानवतं. तरी आपली ती स्ट्राँग बाटली आहेच. चार दिवस बरं वाटतं. मग बुबुळावर मोहरीएवढा पांढरा ठिपका दिसतो. शेजारचे आजोबा म्हणतात, फूल पडलं. कुणी मध सुचवतं, कुणी बाळंतिणीचं दूध. तेही घालून बघायचं. मग पंधराव्या दिवशी तालुक्याला जायचं, तिथून जिल्ह्याला.

तिथे डॉक्टर विचारतात, “आतापर्यंत काय घातलंत?”

“ते... पांढऱ्या बाटलीतलं. निळं टोपण होतं.”

“नाव?”

“पुसलंय.”

“बाटली आणलीय?”

“नाही. घरी ठेवलीय. धाकट्या भावाचेही कालपासून आलेत.”