बसा की!

आमच्या दाजींच्या पांढऱ्याशुभ्र कडक इस्त्रीच्या शर्टावर चिखलाचे दोन पंजे उमटले, तेव्हा ते लग्नाला निघाले होते आणि लग्न त्यांच्याच सख्ख्या पुतण्याचं होतं. काळूच्या मनात वाईट काही नव्हतं. दाजी त्याला मनापासून आवडतात आणि आवडलेल्या माणसाची चौकशी छातीवर पाय ठेवूनच करायची, ही त्याची रीत. पण ताईनं उंबऱ्यातच जाहीर केलं, "पुढच्या खेपेला आम्ही आलो की हे कुत्रं खाली बसलेलं पायजे. नाहीतर आमचं येणं बंद." हे ऐकून दाजींच्या चेहऱ्यावर क्षणभर आशा चमकली, असं बायको सांगते. मी पाहिलं नाही.

काळू आमच्या कोल्हापूरच्या २०१९ च्या महापुरातला. शाहूपुरीत कुंभार गल्लीकडं पाणी चढायला लागलं, तेव्हा एका ओट्याच्या कोपऱ्यात तो भिजल्या बोळ्यासारखा पडला होता. पाणी उतरलं की सोडून देऊ, असं घरात ठरलं. पाणी उतरलं. आता त्याच्या तोंडाभोवती सगळं पांढरं झालंय, नाव तेवढं काळू राहिलंय. एवढ्या वर्षांत त्याला कुणी काही शिकवलं नाही आणि त्याचंही काही अडलं नाही. मी शिकवणार म्हटल्यावर अण्णांनी पेपर बाजूला न करताच सांगितलं, "शेपूट नळीत घालून बघ आधी."

जनावरांच्या डॉक्टरांनी मात्र उमेद दिली. काळूची कंबर आणि मागचे पाय दाबून, वाकवून पाहिले. म्हणाले, सांधे ठीक आहेत, वय आडवं येत नाही, उलट पिल्लापेक्षा हे लक्ष देऊन ऐकेल. दिवसातून दोन-तीनदा, पाच-पाच मिनिटं, बास. खाऊचा तुकडा नाकाशी धरायचा आणि डोक्यावरून सावकाश मागं न्यायचा. नाक वर गेलं की बूड आपोआप खाली येतं. ते टेकलं त्याच क्षणी 'बस' म्हणायचं आणि तुकडा द्यायचा. कंबर दाबून बसवायचं नाही. आणि तुकडा कशाचा? उकडलेल्या कोंबडीचा. हाड नको, मीठ नको, मसाला नको, आणि कांदा-लसूण तर कुत्र्याला बाधतोच.

ही कोंबडी आमच्या घरात शिजणं हीच मोठी घटना होती. आई पातेल्यात डोकावली.

"चटणी घातली न्हाईस?"

"नाही."

"मीठ?"

"नाही."

"कांदा?"

"डॉक्टर नको म्हणालेत."

"मग सरळ सांग की, घरात आजारी कोण हाय?"

तांबडा-पांढरा रश्श्याच्या गावात पांढरं फटक मांस नुसत्या पाण्यात रटरटताना बघून तिला खरंच यातना होत होत्या. तिनं उठून स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. शेजारच्या काकूंना वास जाईल म्हणून नव्हे. वासच येत नाहीये, हे त्यांना कळू नये म्हणून.

पहिल्या दिवशी तुकडा डोक्यावरून मागं नेला. काळू तुकड्याबरोबर मागं चालत गेला. भिंत लागल्यावर वळला आणि पुन्हा मागं चालायला लागला. मग लक्षात आलं, फरशी गुळगुळीत आहे, मागचे पाय घसरतात म्हणून तो बसायला बिचकतो. गोणपाट टाकलं. गोणपाट ही त्याची झोपायची जागा, त्यामुळं तो थेट आडवाच झाला. एकदा खरोखर बसला, तर मी आनंदानं खिशात तुकडा शोधत राहिलो. तो हाताला लागेपर्यंत काळू उठला होता. म्हणजे मी बक्षीस दिलं ते उठण्याचं. रंकाळ्यावर मोकळ्या हवेत नेऊन पाहिलं, पण तिथं भेळेच्या गाड्या आहेत. त्या संध्याकाळविषयी जास्त लिहीत नाही.

आठवडा गेला. हात वर गेला की बूड खाली यायला लागलं. पण नुसतं तोंडानं 'बस' म्हटलं की काळू वळून आपल्या ताटलीकडं बघायचा आणि शेपूट हलवायचा. दरवेळी. का, ते एका रविवारी जेवताना उलगडलं.

आई मेव्हण्याला रस्सा वाढत होती. तो म्हणाला, "बस." तिनं एक पळी घातली. "बस बस." दुसरी पळी. "अहो बस्स!" तिसरी, आणि वर एक फोड. दाराशी काळू हे सगळं डोळे लावून बघत होता. इतकी वर्षं तो हेच बघत आला होता. आमच्या घरात 'बस' म्हणजे अजून वाढा.

दुसरा अर्थ तर याहून वाईट. कुणी दारात आलं की आई म्हणते, "बसा की." आलेला माणूस म्हणतो, "नको, बसत नाही, गडबडीत हाय," आणि पुढं अर्धा तास चौकटीला धरून उभ्या उभ्या बोलतो. काळूनं बिचाऱ्यानं यातून काय शिकावं? बरं, शहरातल्या गाडीला आम्ही केएमटी म्हणतो आणि गावाबाहेरच्या लाल गाडीला एस्टी, म्हणून निदान तिसरा घोळ तरी टळला.

डॉक्टरांना फोन केला. ते हसले. म्हणाले, शब्द घासून गुळगुळीत झालाय, नवा घ्या, जो घरात दुसऱ्या कशाला वापरत नाही. 'सिट' आईच्या तोंडी बसेना. 'टेक' म्हणावं, तर पाहुण्यांना आम्ही 'टेका जरा' म्हणतोच.

शेजारचे वस्ताद कंपाउंडवरून हा खेळ रोज बघायचे. तरुणपणी खासबागेत कुस्त्या मारलेला माणूस. आता गुडघे गेलेत, आवाज नाही गेला.

"काय करायलाईस रे त्या मुक्या जनावराला?"

"बसायला शिकवतोय, वस्ताद."

"सकाळपास्नं बसलंयच की ते."

"तसं नव्हं. सांगितल्यावर बसायला पायजे."

"मग 'बैठक' म्हण. तालमीत हा शब्द आयकून आजवर एक गडी उभा ऱ्हायलेला न्हाई."

वस्तादांचा शब्द मोडायची आमच्या गल्लीत पद्धत नाही. 'बैठक' म्हणालो, हात वर नेला, बूड टेकलं, तुकडा दिला. असं चार दिवस. पाचव्या दिवशी हात खिशातच ठेवून नुसतं म्हणालो, "बैठक." काळू बसला! अण्णांनी पेपर खाली ठेवला. मग काळू उठला आणि पुन्हा बसला. तुकडा. उठला, बसला. तुकडा. पलीकडून वस्ताद मोजायला लागले, "तीन... चार... कंबर ताठ ठेव!"

उठायचं नाही, हे शिकवायचं आमच्या डोक्यात आलंच नव्हतं.

परवा ताई आणि दाजी आले. दाजींचा शर्ट पांढराच. काळूनं झेप घ्यायला अंग चोरलं, तेवढ्यात मी ओरडलो, "बैठक!" काळू बसला. ताईनं भुवया उंचावल्या. आईचा ऊर भरून आला आणि ती बाहेर येत म्हणाली, "बसा की पावणं."

"नको मामी, बसत नाही, गडबडीत आहे," म्हणत दाजींनी चौकटीला हात टेकवला आणि यंदाच्या उसाच्या दराचा विषय काढला.

काळू उठला. बसला. मी तुकडा दिला. उठला, बसला. पलीकडून "सतरा... अठरा" ऐकू येत होतं. डबीत चार तुकडे उरले होते आणि दाजी अजून पहिल्या हप्त्यावरच होते.