१२ लाखांपर्यंत रिटर्न भरायचं नाही? असं कायद्यात कुठेही नाहीये

आधी आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर, मग माहेरच्या ग्रुपवर, मग कंपनीतल्या ग्रुपवर, असा एकच मेसेज मला गेल्या पंधरा दिवसांत तीनदा आलाय. थोडक्यात तो असा: १२ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर आता इन्कम टॅक्स रिटर्न भरायची गरज नाही, बँकेने टीडीएस (पैसे हातात यायच्या आधीच कापलेला टॅक्स) कापला की विषय संपला, ७५ वर्षांवरच्यांना रिटर्न माफ, शेतकऱ्याने काहीच दाखवायचं नाही, १२ लाखांवर एक रुपया जरी गेला तरी ६० हजार टॅक्स बसतो, आणि एकदा रिटर्न भरलं की दरवर्षी भरावं लागतं, नोटिसा येतात. खाली एक मोबाइल नंबर आणि ‘पूर्ण टीडीएस परत मिळवून देऊ, कमिशन १० टक्के’.

मी सातपूरला एका छोट्या कारखान्यात अकाउंट्स बघते. सीए नाहीये, पण शेजारपाजारच्या आणि नात्यातल्या लोकांची साधी रिटर्न्स बरीच वर्षं भरून देतेय, आणि या मेसेजमुळे माझ्या ओळखीच्या माणसांचे हक्काचे पैसे बुडायला लागलेत म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलीच ओळ घ्या, कारण सगळा घोळ तिथेच आहे. आत्ता जे रिटर्न भरायचंय ते एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षाचं. (नवीन इन्कम टॅक्स कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झालाय, पण या वर्षाचं रिटर्न १९६१ च्या जुन्या कायद्यानेच जाणार.) टॅक्स मोजायच्या दोन पद्धती आहेत, जुनी रिजीम आणि नवीन रिजीम. नवीन रिजीममध्ये ४ लाखांपर्यंत टॅक्स नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, म्हणजे १२ लाखांवर टॅक्स निघतो ६० हजार. निघतो, आणि मग कलम ८७ए खाली तेवढीच सूट मिळून शून्य होतो. आता रिटर्न कोणी भरायचं हे या सूटीवरून ठरतच नाही, ते ठरतं ४ लाखांच्या मर्यादेवरून. ८०सी (पीएफ, विमा) वगैरे वजावटी घेण्याआधीचं एकूण उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरावंच लागतं, भले शेवटी टॅक्स शून्य का येईना. जुन्या रिजीममध्ये हीच मर्यादा अडीच लाख आहे, ६० वर्षांवरच्यांना ३ लाख आणि ८० वर्षांवरच्यांना ५ लाख.

म्हणजे ९ लाख पगाराच्या माणसाला टॅक्स शून्य पण रिटर्न सक्तीचं. त्याने मेसेजवर विश्वास ठेवून ३१ जुलै ही रिटर्नची शेवटची तारीख चुकवली आणि डिसेंबरात जागा झाला तर लेट फी ५००० रुपये, टॅक्स एक रुपया नसताना! उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर ती १००० असते, पण तेही का म्हणून द्यायचे?

उत्पन्न मर्यादेच्या खाली असलं तरी काही लोकांना रिटर्न भरावं लागतं, हेही कोणी सांगत नाही. वर्षाचं लाइट बिल १ लाखाच्या वर, परदेश प्रवासाचा खर्च २ लाखांच्या वर (मुलगा अमेरिकेत असतो आणि तिकिटं आपण आपल्या पैशांनी काढतो, असे आईवडील नाशकात घरोघरी आहेत), बचत खात्यात वर्षात ५० लाख किंवा जास्त जमा, किंवा टीडीएस २५ हजार किंवा जास्त, ज्येष्ठांना ५० हजार. यातलं एक जरी लागू झालं तरी भरायचं.

आणि १२ लाखांची ही सूट फक्त नवीन रिजीममध्ये आहे. जुन्या रिजीममध्ये ५ लाखांपर्यंतच. त्यातही शेअर्सवाल्यांनी नीट वाचा, कारण आमच्या कंपनीतली निम्मी तरुण पोरं आता मोबाइलवर ट्रेडिंग करतात. शेअर वर्षाच्या आत विकून झालेल्या फायद्यावर २० टक्के वेगळा टॅक्स आहे आणि त्याला ही सूट लागू नाही. समजा स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून मिळणारी सरसकट वजावट) जाऊन पगार ८ लाख आणि असा फायदा १ लाख, तर एकूण ९ लाखच झाले, १२ च्या कितीतरी खाली, तरी २० हजार टॅक्स आणि त्यावर ४ टक्के सेस (टॅक्सवर लागणारा जादा कर), असे २०,८०० भरावे लागतात. एका पोराला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, ताई मेसेजमध्ये असं काहीच नव्हतं. नव्हतंच ना.

आता ‘बँकेने टीडीएस कापला की विषय संपला’. हे वाचून मला खरंच वाईट वाटतं, कारण याने सगळ्यात जास्त नुकसान म्हाताऱ्या माणसांचं होतं. आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू आहेत, काका नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले, ते गेल्यावर काकूंना फॅमिली पेन्शन लागली. वर्षाची पेन्शन ३ लाख आणि एफडीचं व्याज १ लाख ४० हजार. ज्येष्ठांना एका बँकेत व्याज १ लाखाच्या वर गेलं की टीडीएस कापतात, काकूंनी १५एच फॉर्म (‘मला टॅक्स लागत नाही, कापू नका’ असं ज्येष्ठांनी बँकेला लिहून द्यायचा) दिलेला नव्हता, त्यामुळे बँकेने १० टक्क्यांनी १४ हजार कापले. मी विचारलं काकू रिटर्नचं काय, तर म्हणाल्या, अगं मला कुठे टॅक्स लागतो, मेसेज आलाय ना, मी कशाला भरू.

हिशेब बघा. फॅमिली पेन्शनला नवीन रिजीममध्ये २५ हजारांपर्यंत वजावट मिळते, पगाराची ७५ हजारांची नाही, कारण फॅमिली पेन्शन ‘इतर उत्पन्न’मध्ये धरतात. ३ लाखांतून २५ हजार गेले, राहिले २ लाख ७५ हजार, त्यात व्याज १ लाख ४० हजार, झाले ४ लाख १५ हजार. टॅक्स निघाला ७५० रुपये, तोही सूटीत गेला. म्हणजे देणं शून्य आणि बँकेने कापलेत १४ हजार. ते १४ हजार परत मिळायचा सरळ रस्ता म्हणजे रिटर्न, बँकेकडे मागून ते मिळत नाहीत. मेसेजप्रमाणे गप्प बसल्या असत्या तर १४ हजार तिथेच राहिले असते आणि वर रिटर्न न भरल्याची चूकही यांच्याच नावावर, कारण उत्पन्न ४ लाखांच्या वर आहे. उशिरा रिटर्न भरायची ३१ डिसेंबर ही तारीख पण गेली तर नंतर जे अपडेटेड रिटर्न भरता येतं त्यात रिफंड मागताच येत नाही, मग उशीर माफ करा म्हणून अर्ज करत बसायचं, ते वय आहे का त्यांचं?

याची दुसरी बाजू पण आहे, बरेच जण म्हणतात टीडीएस कापलाच नाही म्हणजे व्याज दाखवायचं नाही. तीन बँकांत ठेवी वाटून टाकल्या, प्रत्येकीत ४० हजार व्याज, कुठेच कापलं नाही, तरी १ लाख २० हजार हे उत्पन्नच आहे. पतसंस्थेतल्या ठेवीचंही तसंच. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर एआयएस नावाचं स्टेटमेंट असतं, त्यात व्याज, म्युच्युअल फंड, शेअर्सची खरेदी-विक्री, ३० लाखांवरचे जागेचे व्यवहार सगळं आलेलं असतं, रिटर्न भरायच्या आधी ते एकदा उघडून बघाच. आणि बायकोच्या नावावर एफडी केली की सुटलो असं समजणाऱ्या दादांसाठी: पैसे तुम्ही दिलेले असतील तर त्याचं व्याज तुमच्याच उत्पन्नात धरतात.

७५ वर्षांवरचं पटकन सांगते. माफी सरसकट नाही. फक्त पेन्शन आणि व्याज एवढंच उत्पन्न हवं, व्याजसुद्धा ज्या बँकेत पेन्शन येते त्याच बँकेतलं, ती बँक सरकारने ठरवलेल्या यादीतली हवी आणि तिथे या वर्षासाठी १२बीबीए हा फॉर्म भरून दिलेला हवा, मग बँकच हिशेब करून टॅक्स कापते. दुसऱ्या बँकेत एक जरी एफडी असली किंवा घरभाडं येत असलं तरी हे लागू नाही.

‘शेतकऱ्याने काहीच दाखवायचं नाही’. आपल्या जिल्ह्यात यावर जरा थांबून बोलायला पाहिजे. शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नाही हे खरं, आणि निफाड-दिंडोरीकडचा जो भाऊ फक्त द्राक्ष-कांदा करतो, दुसरं काहीच उत्पन्न नाही, त्याला सहसा रिटर्न भरायची गरज पडत नाही. पण किती घरं अशी उरलीत? एक भाऊ ओझरला नोकरीला, जमीन दोघांच्या नावावर, द्राक्षाचे पैसे दोघांच्या खात्यात. अशा नोकरदाराचं शेतीचं उत्पन्न ५ हजारांच्या वर असेल तर ते रिटर्नमध्ये दाखवायचंच, आयटीआर १ हा रिटर्नचा साधा फॉर्म पण चालत नाही, २ भरावा लागतो. आणि त्याचा टॅक्सच्या दरावर परिणाम होतो. पगाराचं करपात्र उत्पन्न १३ लाख असेल तर टॅक्स ७५ हजार. त्यात द्राक्षाचे ५ लाख असतील तर आधी १८ लाखांवर टॅक्स काढतात, १ लाख ६० हजार, त्यातून द्राक्षाचे ५ अधिक टॅक्स नसलेले ४ अशा ९ लाखांवरचा टॅक्स ३० हजार वजा करतात, उरतात १ लाख ३० हजार. टॅक्स द्राक्षावर नाही लागला, पण पगाराचा दर वर सरकला. लपवलं तर ५५ हजारांचा फरक पडतो, आणि तो पकडला गेला की दंडासकट भरावा लागतो.

बरं, शेतातून आलेला प्रत्येक पैसा शेतीचा नसतो. वायनरीला द्राक्ष विकलं तर ते शेतीचं, पण स्वतः वाइन करून विकली तर तो धंदा. दूध आणि कोंबड्या शेतीत येत नाहीत. नर्सरीतली रोपं मात्र येतात. आणि गंगापूर रोडकडे ज्यांनी मळ्यात लग्नाचे लॉन्स काढलेत, सातबाऱ्यावर जमीन शेतीची असली तरी लॉन्सचं भाडं शेतीचं उत्पन्न नाही.

जमीन विकणाऱ्यांची तर सगळ्यात मोठी फसगत होते. ‘शेतजमीन आहे, टॅक्स नाही’ असं सर्रास सांगतात. ते फक्त ग्रामीण शेतजमिनीला आहे. २०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिकेची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती, १० लाखांच्या वर, म्हणून महापालिकेच्या हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंतची जमीन ग्रामीण धरत नाहीत, आणि हे अंतर रस्त्याने नाही, सरळ रेषेत मोजतात. आडगाव, मखमलाबाद, पाथर्डी तर हद्दीतच आहेत, तिथे आज द्राक्षबाग उभी असली तरी विक्रीचा नफा टॅक्समध्ये येतो. आधीची २ वर्षं जमीन कसत असाल आणि २ वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर ५४बी खाली सवलत आहे, ती घ्या की, पण त्यासाठी व्यवहार दाखवावा लागतो. अजून एक, मजुरी देण्यासाठी मोठी रोकड काढणाऱ्यांनी लक्षात ठेवा: मार्च २०२६ पर्यंत, मागची ३ वर्षं रिटर्न भरलेलं नसेल तर एका बँकेतून वर्षात २० लाखांच्या पुढे रोख काढल्यावर २ टक्के टीडीएस कापायचे. भरलेलं असेल तर ही मर्यादा १ कोटी होती.

१२ लाखांवर एक रुपया गेला की ६० हजार, हे तर साफ खोटं. मार्जिनल रिलीफ त्यासाठीच आहे. करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार असेल तर स्लॅबने ६१,५०० येतात, पण १२ लाखांच्या वरची रक्कम आहे १० हजार, म्हणून टॅक्स १० हजारच, सेस धरून १०,४००. आणि पगारदाराला ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन आहे, त्यामुळे त्याची मर्यादा मुळात १२ लाख ७५ हजारांची. या भीतीने एका बाईंनी ओव्हरटाइम सोडला, मला कळेपर्यंत मार्च उलटून गेला होता.

आता तो खालचा कमिशनवाला नंबर. त्या लोकांना फोन करू नका, हात जोडून सांगते. आमच्या मशिन शॉपमधल्या एकाचं रिटर्न अशाच एकाने भरलं, जुनी रिजीम निवडली, न दिलेलं घरभाडं आणि एका राजकीय पक्षाला न दिलेली देणगी टाकली, ३८ हजार रिफंड आला, कमिशन घेऊन माणूस गेला. पुढे खात्याकडून विचारणा आली तेव्हा याला अपडेटेड रिटर्न भरून आलेला रिफंड व्याजासकट परत करावा लागला आणि वर २५ टक्के जास्तीचे. तरी त्याने आधीच कबूल केलं म्हणून एवढ्यावर भागलं. खोटी माहिती देऊन टॅक्स बुडवला असं ठरलं तर दंड त्या टॅक्सच्या २०० टक्के असतो, आणि नाव तुमचं, पॅन तुमचं, एजंटला कोणी शोधायला जात नाही. पासवर्ड आणि ओटीपी कुणालाच द्यायचा नाही, मलासुद्धा नाही, मी लोकांना शेजारी बसवूनच भरते.

ज्यांना खरोखर घरभाडं आणि गृहकर्ज आहे त्यांनी जुनी रिजीम जरूर तपासावी (नाशिक मेट्रो नाही, घरभाडे भत्त्याच्या म्हणजे एचआरएच्या हिशेबात पगाराचे ४० टक्केच धरायचे), पण पगारदारांनी ती ३१ जुलैच्या आत भरलेल्या रिटर्नमध्येच निवडायची. उशिरा भरलं तर नवीनच लागू होते.

राहिली नोटिशीची भीती. एकदा भरलं म्हणून दरवर्षी भरावंच लागतं असं काही नाही, ज्या वर्षी नियमात बसता त्या वर्षी भरायचं. भरल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने व्हेरिफाय करायचं, हे विसरलात तर वेळेत भरलेलंही वेळेत धरत नाहीत. मग काही दिवसांनी १४३(१) ची इंटिमेशन (रिटर्न तपासून खात्याने कळवलेला हिशेब) ईमेलवर येते, ती प्रत्येकाला येते, काकूंना आली तेव्हा त्या घाबरून रात्री दहाला वर आल्या होत्या. ती फाइल उघडायला पासवर्ड लागतो: पॅन स्मॉल अक्षरांत आणि त्याला चिकटून जन्मतारीख, महिना, वर्ष. आत दोन कॉलम असतात, एक तुम्ही भरलेलं आणि एक खात्याने मोजलेलं. दोन्ही आकडे सारखे असतील तर काहीही करायचं नसतं. काकूंचे सारखेच होते.