कान आहेत, शेपटी आहे, कोल्हीण कुठाय?

ॲनिमेत, म्हणजे जपानी ॲनिमेशनमध्ये, एखाद्या पोरीच्या डोक्यावर कोल्ह्याचे नाहीतर मांजराचे कान बसवले, मागे गुबगुबीत शेपटी दिली की कॅरेक्टर तयार, मग कीचेन, पोस्टर, उशा, काय हवं ते विकायला मोकळे. मला हे सगळं गोड वाटतं, खोटं कशाला बोलू. पण हल्लीच्या बऱ्याच पोरींमध्ये प्राणी औषधालाही सापडत नाही, माझी तक्रार तेवढीच आहे.

आणि हे काही काल-परवाचं फॅड नाही बरं का. जपानचा पहिला पूर्ण लांबीचा रंगीत ॲनिमेशनपट, १९५८ चा 'हाकुजादेन', त्यातली नायिकाच मुळी बाईच्या रूपातली पांढरी नागीण (आपली इच्छाधारी नागीणच म्हणा, फक्त सिरीयलवाली सासू नाही). गोष्ट चीनमधली, पण पुढे ॲनिमे दिग्दर्शक म्हणून गाजलेला मियाझाकी शाळेत असताना ती बघून नायिकेच्या चक्क प्रेमात पडला होता, हे त्याने स्वतःच सांगितलंय.

त्याच्याही कितीतरी आधीची कुझुनोहा. यासुना नावाचा माणूस शिकाऱ्यांपासून एका पांढऱ्या कोल्हिणीला वाचवतो, मग ती बाईचं रूप घेऊन त्याच्याकडे येते, संसार करते, मुलगा होतो, आणि तो मुलगा म्हणजे पुढे ज्योतिषी-मांत्रिक म्हणून गाजलेला आबे नो सेइमेई. १७३४ मध्ये ओसाकात यावर कळसूत्री बाहुल्यांचं नाटक आलं, तेच पुढे काबुकीत, म्हणजे जपानी पारंपरिक रंगभूमीवर, गेलं. त्यात जिचं रूप घेतलंय ती खरी कुझुनोहाच दारात येऊन उभी राहते, मग कोल्हिणीला जावंच लागतं. जाताना ती शोजीवर, म्हणजे त्या कागदी सरकत्या दारावर, कविता लिहिते, की आठवण आली तर शिनोदाच्या रानात ये. काबुकीतला नट हे लिहिताना आधी उजव्या हाताने, मग डाव्या हाताने, काही अक्षरं उलटी, आणि पोर कडेवर आलं की ब्रश सरळ दातात धरून लिहितो. म्हणजे बघा, आई आहे, रडतेय, आणि हातातलं माणूसपण सुटत चाललंय, हे सगळं त्या अक्षरांतच दिसतं. कान नाहीत, शेपटी नाही, तरी कोल्हीण पुरेपूर.

दुसऱ्या टोकाला तामामो नो माए, नऊ शेपट्यांची, सम्राटाला नादी लावणारी. जुन्या गोष्टींप्रमाणे ती त्याआधी चीनमध्ये आणि त्याच्याही आधी आपल्या भारतात एका राजपुत्राची राणी होती, उतागावा कुनियोशी या चित्रकाराने त्याचं चित्रही काढलंय. ती मेल्यावर तिचा दगड झाला म्हणतात, तीच ही जपानमधल्या नासूची शिळा, ती मार्च २०२२ मध्ये दुभंगली तेव्हा जपानी ट्विटरवर लोक अर्धे हसत होते आणि अर्धे खरंच टरकले होते.

आता २०१९ च्या ॲनिमे मालिकेतली सेन्को-सान घ्या. आठशे वर्षांची कोल्हीण, आणि काम काय, तर ऑफिसात पिळून निघालेल्या नाकानोला जेवण करून घालायचं, घर आवरायचं, शेपटी कुरवाळू द्यायची. दमून घरी आल्यावर बघायला बरं वाटतं हे मान्य. पण हिला स्वतःला काय हवंय? रुसून निघून जाईल अशी भीती तुम्हाला एकदा तरी वाटते का? आणि आठशे वर्षांची आहे तर दिसायला शाळकरी पोर कशाला, असं विचारलं की फॅन मंडळी अंगावर येतात, येऊ देत, मला ते खटकतं.

म्हणून मला होलो आवडते, 'स्पाइस अँड वुल्फ' या मालिकेतली. ती लांडगीण, गव्हाच्या पिकाची देवता, पण गावाला आता तिची गरज उरलेली नाही म्हणून लॉरेन्स नावाच्या व्यापाऱ्याच्या गाडीत येऊन बसते आणि उत्तरेला घरी सोड म्हणते. कान आहेत, शेपटी आहे, शेपटीचा गर्व तर विचारूच नका. पण ही बाई कातडी विकताना त्यांना सफरचंदाचा वास लागेल अशी सोय करून जास्तीचा भाव काढते, लॉरेन्ससारखा मुरलेला व्यापारी बघतच राहतो. आणि पहिल्या मोठ्या कथानकाच्या शेवटी ती खरोखर प्रचंड लांडगा होते तेव्हा तो घाबरून मागे सरकतो. नुसता थोडासा. तिला ते दिसतं आणि ती निघते, कुझुनोहासारखीच. तर हा पठ्ठ्या प्रेमाचं वगैरे काही न बोलता मागून ओरडतो की तू फाडलेल्या कपड्यांचे पैसे कोण देणार, वसूल करायला उत्तरेपर्यंत येईन! आख्ख्या ॲनिमेत मला इतकी मनापासूनची कबुली क्वचितच सापडली असेल, आणि ती उधारीच्या भाषेत आहे.

ही मालिका २००८ ची बघायची की २०२४ ची नवी, यावर तुम्ही भांडणारच. दोघांचे आवाज दोन्हीकडे तेच आहेत, नवी जरा जास्त चकचकीत आहे, माझं मत जुनीला.