परतीची गाडी कितीची?

पावसाळा आला की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच वाद उगवतो. 30 जून 2024 ला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पुढच्या वर्षी 15 जूनला कुंडमळ्याचा लोखंडी पूल माणसांसकट इंद्रायणीत कोसळला. मग जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश, मग ‘गडावर तिकीट लावा, नोंदणी करा, नाहीतर बंदच करा’, आणि शेवटी कुणीतरी हमखास लिहितं: ‘परदेशात बघा, लोक कसे शिस्तीत फिरतात!’ परदेशात राहणाऱ्याला याची सगळ्यात जास्त चीड येते, कारण साक्षीदार म्हणून त्यालाच उभं केलेलं असतं.

कसली शिस्त? लंडनहून दीड तासावर सेव्हन सिस्टर्सचे खडूचे कडे आहेत. वर ना तिकीट, ना सलग कुंपण, ना शिट्टी फुंकणारा रखवालदार. कडेला पाय सोडून बसणारे कुठल्याही शनिवारी दिसतात. 2017 मध्ये इंग्लंडमध्ये शिकायला आलेली 23 वर्षांची कोरियन मुलगी इथेच फोटोसाठी उडी मारताना खाली गेली. खडू खालून पोखरला जातो आणि वर फक्त गवताची साय उरते, ती उभं राहणाऱ्याला वरून दिसतच नाही. कडेपासून पाच मीटर आत चालायचं ते यासाठी. इतकं होऊनही कडे बंद झाले नाहीत.

घरच्या वादात एक प्रश्न कुणी विचारत नाही: माणूस तिथे जातो कसा आणि परततो कसा? इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, विद्यार्थ्याची एका दिवसाची सहल सगळी त्यावर उभी असते.

दिवस शनिवारच घ्यावा. रविवारी रुळांची कामं काढतात आणि अर्ध्या वाटेत गाडीतून उतरवून बसमध्ये बसवतात. 16 ते 25 वयाचं रेलकार्ड 35 पौंडांना मिळतं आणि वर्षभर एक तृतीयांश भाडं वाचवतं. पंचविशी उलटलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांनाही ते मिळतं, हे अनेकांना पहिलं वर्ष संपल्यावर कळतं. सोमवार ते शुक्रवार सकाळी 10 च्या आत 12 पौंडांचं किमान भाडं आडवं येतं, म्हणजे सवलत धरूनही तिकीट त्याच्या खाली जात नाही (जुलै-ऑगस्ट सोडून), शनिवारी ती अट नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनाहून ईस्टबोर्नचं रिटर्न काढायचं आणि वाटेतल्या लुईस ते सीफर्ड एवढं एकेरी वेगळं, कारण चालायला सुरुवात सीफर्डला होते आणि शेवट ईस्टबोर्नला. ट्यूबच्या, म्हणजे लंडनच्या मेट्रोच्या, सवयीने ऑयस्टर कार्ड टॅप करून बसू नये. ते इथवर चालत नाही, आणि दंड 100 पौंड अधिक भाडं. 21 दिवसांत भरला तर 50.

सीफर्डच्या किनाऱ्याने पूर्वेला गेलं की सीफर्ड हेडचा चढ लागतो. पलीकडे होप गॅप, मग कोस्टगार्डची जुनी घरं. पोस्टकार्डावरचा फोटो इथला. चूक होते ती इथेच. समोरचा पहिला कडा हाताच्या अंतरावर दिसतो, पण मध्ये ककमिअर नदी आहे आणि मुखाशी पूल नाही. ओहोटी बघून पाण्यात उतरणारे चिखलात आणि ओढीत अडकतात. मुकाट्याने आत एक्सीटच्या पुलापर्यंत जाऊन पलीकडच्या काठाने परत यायचं, तासभर मोडतो. पाय बोलायला लागले असतील तर एक्सीटलाच बस पकडावी, सध्या एकेरी भाडं 3 पौंडांच्या वर जात नाही. पुढे चढ-उतारांची रांग, मग बर्लिंग गॅपला चहा, पाणी, स्वच्छतागृह. तिथे जिन्याने किनाऱ्यावर उतरता येतं, पण भरतीची वेळ बघूनच. कड्याखालून चालत राहिलेल्यांचा रस्ता पाणी बंद करतं. शेवटी 162 मीटरचा बीची हेड आणि उतार ईस्टबोर्नला. एकूण साधारण 22 किलोमीटर, रमतगमत सात तास. ओला खडू साबणासारखा असतो, त्यामुळे धावायचे बूट घरी ठेवावेत. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे गेली की पूर्ण वाटेचा नाद सोडावा. डिसेंबरात चारच्या आतच सूर्य मावळतो. सप्टेंबरात आलेल्यांच्या हाती जेमतेम पाच-सहा शनिवार लागतात.

आता लोहगड. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या 12 किल्ल्यांपैकी एक, आणि याच्याही पायथ्याशी रेल्वे आहे! पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, एक्सप्रेसवेवरचा पूल ओलांडून भाजे गाव, तिथून गायमुख खिंड, लोहगडवाडी, गड. तरीही पावसाळ्यातल्या रविवारी लोक गाड्या घेऊन वाडीपर्यंत जातात आणि अरुंद घाटरस्त्यावर अडकून बसतात. लोकलच्या फेऱ्या, त्यातही दुपारच्या, इतक्या तुटपुंज्या की परतीचा भरवसा नाही. पैसे घेऊन ट्रेक काढणारे बॅचवाले माणसं बसमध्ये भरून नेतात, त्यांना शिव्या द्यायला सोपं. पण परतीची हमी फक्त तेच विकतात. मळवलीच्या गाड्या वाढवा, स्टेशनापासून वाट आखा, मग बंदीचं बोलू.

अर्थात ही तुलना सोयीची आहे, कबूल. इंग्लंडात जुलैचा सह्याद्रीतला पाऊस पडत नाही. एक्सीटला कुणी पिठलं-भाकरी वाढत नाही. आणि तावातावाने लोहगडाची बाजू घेणाऱ्या या लेखकाला हेवन ब्राऊ, शॉर्ट ब्राऊ, रफ ब्राऊ, ब्रास पॉइंट, फ्लॅगस्टाफ पॉइंट हे सेव्हन सिस्टर्सचे चढ झोपेतही ओळीने म्हणता येतात. लोहगडाचे दरवाजे गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. ही चार नावं मात्र हे लिहिताना शोधावी लागली.