रँडचा अहवाल, रमाबाईंचं पत्र आणि नववीचा वर्ग

दहावीच्या इतिहासाचे पहिले दोन धडे इतिहासलेखनाचे आहेत. रांके, फुको, राजवाडे असे इतिहासकार आणि विचारवंत सगळे भेटतात. हे धडे पुस्तकात घालणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानते. पण वर्गात होतं काय? लेखक आणि ग्रंथांच्या जोड्या पाठ होतात, 'अचूक पर्याय निवडा'चे गुण पदरात पडतात आणि पुढच्या धड्यापासून पुस्तकातलं प्रत्येक वाक्य पुन्हा ब्रह्मवाक्य होतं. हे कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं, त्याला काय दडवायचं असेल, हे कोणी विचारत नाही.

पुण्यात शिकवणाऱ्याला यासाठी लांब जावं लागत नाही. मी नववीला १८९७ चा प्लेग देते. गोरे सोजीर घरात शिरून रोगी शोधत होते, हे मुलांना माहीत असतं. मग प्लेग कमिटीच्या प्रमुखाचा, म्हणजे रँडचा अहवाल काय म्हणतो ते सांगते: स्त्रीच्या अब्रूला मुद्दाम धक्का लावल्याची एकही विश्वासार्ह तक्रार कमिटीकडे किंवा सोजिरांवरच्या अधिकाऱ्यांकडे आली नाही. वर्ग लगेच उसळतो. तक्रार करायची कोणाकडे, तर त्यांच्याच साहेबाकडे! कोण जाईल?

इथवर सोपं असतं. परक्याचा पक्षपात कोणालाही दिसतो. खरी परीक्षा सोजिरांच्या जुलमाविरुद्ध लिहिणाऱ्या टिळकांच्या 'केसरी'पाशी सुरू होते. तो आपला, म्हणून त्याची बातमी तपासायची नाही का? तिथे वर्ग गप्प होतो. मग मी पंडिता रमाबाईंचं त्याच वर्षीचं पत्र पुढे ठेवते. प्लेगच्या सरकारी इस्पितळात बायकामुलींना कसं वागवतात याबद्दल त्यांनी मुंबईच्या इंग्रजी पत्रात जाहीर तक्रार केली होती. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या, टिळकांशी त्यांचं उघड वैर. दोन विरोधक एकाच गोष्टीबद्दल ओरडतात तेव्हा त्या साक्षीचं वजन वाढतं, हे मुलांना न सांगता कळतं.

आणि मग गोखले. विलायतेत असताना त्यांनी सोजिरांनी बायकांवर अत्याचार केल्याचं वर्तमानपत्राला सांगितलं. परतल्यावर पुरावा देता येईना, तेव्हा जाहीर माफी मागितली. मागच्या वेळी एक मुलगी म्हणाली, "म्हणजे ते खोटं होतं." मागच्या बाकावरून आवाज आला, "पुरावा नाही म्हणजे घडलंच नाही असं कसं? त्या काळात कुठली बाई पुढे येऊन सांगेल?" दोघंही विचार करत होते. तास संपला तरी वाद संपला नाही, आणि मी तो संपवला नाही. एवढंच म्हटलं की उत्तरपत्रिकेत 'घडलं' असं लिहायचं असेल तर आधार दाखवा. नसेल तर 'असा आरोप झाला' असं लिहा.

काही पालक म्हणतात, मॅडम, मुलांच्या डोक्यात संशय कशाला भरवता? मला उलट वाटतं. 'ज्याचं त्याचं सत्य' हे मी कधीच शिकवत नाही. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, हे कोणीही सांगितलं तरी बदलत नाही. का, आणि ते योग्य होतं का, इथे अर्थ लावणं सुरू होतं. या दोहोंमधली सीमा ज्याला ओळखता येते, तो व्हॉट्सॲपवर आलेला 'दडवलेला इतिहास' पुढे ढकलण्याआधी थांबतो. आज पंधरा वर्षांच्या मुलाला याहून गरजेचं दुसरं काय आहे?

बोर्डाकडे माझं एकच मागणं आहे. उताऱ्यावरच्या प्रश्नाची उत्तरं त्याच उताऱ्यात सापडतात. त्याऐवजी एकाच घटनेवरचे, एकमेकांना छेद देणारे दोन उतारे द्या. कोणावर किती विश्वास ठेवाल आणि का, ते विचारा. तपासायला वेळ लागेल, नमुना उत्तर चालणार नाही, शिक्षकांना आधी प्रशिक्षण द्यावं लागेल. लागू दे.

आणि कोणाच्या घरी प्लेगच्या काळातली पत्रं, रोजनिशी, जमाखर्चाच्या वह्या असतील तर कृपया कळवा. मुलांना पुढच्या सत्रात अस्सल कागद वाचायला द्यायचे आहेत.